इचलकरंजी परिसरातील परसबाग आणि वसंतातील मिरची-टोमॅटोची लागवड : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

प्रादेशिक इतिहासाच्या लेखनात राजघराणी, लढाया, तह आणि महसूलव्यवस्था यांचा विचार विस्ताराने झालेला आहे. त्या मानाने सामान्य माणसाच्या घरामागील परस हा इतिहासाचा विषय क्वचितच झाला. वास्तविक परसदार, परसबाग, 'परसाकडे जाणे' यांसारखे शब्दप्रयोग पाहिले तरी मराठी माणसाच्या दैनंदिन जीवनात परसाला किती महत्त्व होते, याची कल्पना येते. न्हाणीचे पाणी, भांडी धुतलेले पाणी, चुलीतील राख आणि गोठ्यातील शेणखत यांच्या आधारावर अळू, केळ, शेवगा, कढीलिंब यांच्यासोबत मिरचीची चार झाडे परसात वाढत असत. पुढे त्यांत टोमॅटोची भर पडली. मिरची आणि टोमॅटो ही दोन्ही पिके मूळची अमेरिका खंडातील आहेत. ती आपल्या परसात केव्हा आणि कशी रुजली, आणि इचलकरंजीसारख्या वस्त्रोद्योगनगरीत त्या परसाचे पुढे काय झाले, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) मिरची आणि टोमॅटो या पिकांच्या महाराष्ट्रातील स्वीकाराचे स्वरूप पाहणे.
२) वसंत ऋतूतील परसबागेचा घरगुती पाण्याशी असलेला संबंध स्पष्ट करणे.
३) इचलकरंजीच्या औद्योगिकीकरणाचा परसबागेवर झालेला परिणाम अभ्यासणे.

गृहीतक व अभ्यासपद्धती :

परसबागेचे टिकणे अथवा लोपणे हे कुटुंबाच्या हौसेपेक्षा पाणी आणि जागा यांच्या उपलब्धतेवर अवलंबून असते, हे गृहीतक येथे मांडले आहे. लेखासाठी वर्णनात्मक व ऐतिहासिक पद्धतीचा अवलंब केला असून भाषा, आहार आणि सणाचार यांतील पुराव्यांचाही आधार घेतला आहे.

मिरचीचे आगमन व स्वीकार :

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकले. त्यानंतर सोळाव्या शतकात त्यांच्या व्यापारातून मिरची भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली. मुंबई इलाख्यात तिला 'गोवाई मिरची' म्हणत असल्याचे उल्लेख जुन्या इंग्रजी नोंदींत आढळतात. तत्पूर्वी तिखटपणासाठी मिरीचा वापर होत असे. 'मिरची' हे नावही मिरीशी, म्हणजे संस्कृत 'मरिच' या शब्दाशी नाते सांगते. मिरी हे दमट हवामानातील वेलीचे फळ असल्याने घाटावरील सामान्य कुटुंबाला ते विकत घ्यावे लागे. याउलट मिरचीचे बी टाकले की ती दारात उगवते. विकतच्या तिखटाची जागा घरच्या तिखटाने घेतली, हे मिरचीच्या जलद प्रसाराचे प्रमुख कारण मानता येईल.

हा स्वीकार किती खोलवर गेला, याची साक्ष आपल्या आचारधर्मात सापडते. दृष्ट काढताना मीठ-मोहरीसोबत मिरच्या ओवाळतात. दुकानाच्या दाराला लिंबू-मिरची बांधतात. उपवासाला चालणाऱ्या साबुदाण्याच्या खिचडीतील हिरवी मिरची, शेंगदाणा व बटाटा हे तिन्ही पदार्थ अमेरिकेतून आलेले आहेत. ज्या कसाव्याच्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा तयार होतो, तोही तेथलाच. परकीय पिकाला उपवासाच्या ताटात स्थान मिळणे, ही त्याच्या संपूर्ण स्वीकाराची खूणच होय.

कोल्हापूर जिल्ह्यात तर 'चटणी' या शब्दाचा अर्थच वर्षभरासाठी केलेले लाल तिखट असा होतो. गडहिंग्लजच्या बाजारपेठेतील संकेश्वरी आणि कर्नाटकातील ब्याडगी मिरची आणून फाल्गुन ते वैशाख या काळात डंकावर चटणी कुटून घेतली जाते. मिरचीचे देठ खुडताना जे बी खाली पडते, तेच परसात टाकण्याची रीत होती. बाजाराची मिरची आणि परसाची मिरची यांचा दुवा असा एकाच ऋतूत जुळत असे.

टोमॅटोचा विलंबित प्रवेश :

टोमॅटोचा प्रवास मात्र वेगळा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉर्ज वॅट यांनी भारतीय उत्पादनांचा कोश सिद्ध केला. तोपर्यंत टोमॅटोची लागवड प्रामुख्याने युरोपीय रहिवाशांसाठी होत होती आणि भारतीयांना त्याची रुची नुकतीच लागत होती, असे चित्र त्यातून दिसते. बंगालीत त्याला 'विलायती वांगे' या अर्थाचे नाव मिळाले. मराठीच्या काही बोलींत 'बेलवांगे', तर विदर्भात 'भेदर' हे शब्द रूढ झाले. वांगे, मिरची आणि टोमॅटो ही एकाच कुळातील पिके असल्याने लोकांनी वांग्याशी ओळखलेले साम्य शास्त्रीयदृष्ट्याही योग्यच होते.

मिरचीला मिरीची जागा घेता आली. टोमॅटोसाठी मात्र आपल्या स्वयंपाकघरात अशी जागा रिकामी नव्हती. आंबटपणासाठी चिंच, आमसूल, ताक आणि वसंतात कैरी होतीच. कोल्हापुरी तांबड्या रश्श्याचा तांबडेपणाही मुख्यत्वे मिरचीचा. म्हणून टोमॅटोचा प्रवेश कोशिंबीर, सार आणि भाजीच्या वाटेने सावकाश झाला. आजही अनेक घरांत उपवासाला मिरची चालते, टोमॅटो चालत नाही. दोन पिकांच्या आगमनातील काही शतकांचे अंतर या भेदातून प्रकट होते.

वसंतातील लागवड आणि घरगुती पाणी :

शेतातील मिरची पारंपरिकरीत्या मृगाच्या पावसावर होत असे. परसातील वसंताची लागवड ही सर्वस्वी निराळी बाब आहे. जानेवारीत वाफ्यात बी टाकावयाचे, टोमॅटोची रोपे सुमारे चार आठवड्यांनी आणि मिरचीची पाच ते सहा आठवड्यांनी लावावयाची, असा तिचा क्रम असतो. या वेळापत्रकामागे कारण आहे. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर आणि रात्रीचे सुमारे २२ अंशांच्या वर सतत राहू लागले की टोमॅटोची फुले गळतात व फळधारणा घटते. त्यामुळे एप्रिलच्या आत फळे धरणे आवश्यक ठरते. उन्हाळ्यात फुलकिडे, कोळी व पांढरी माशी वाढून मिरचीवर बोकड्या पडतो. त्यासाठी राखेची धुरळणी व निंबोळीचा अर्क हे घरगुती उपाय प्रचलित आहेत. वांगे, मिरची व टोमॅटो एकाच जागी दरवर्षी लावू नयेत, हा संकेतही कीड-रोगांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

या काळात आकाशातून पाणी मिळत नाही. म्हणून न्हाणीच्या मोरीतून वाहणारे पाणी हाच परसबागेचा पाट होता. घरात जितकी माणसे अंघोळ करीत, तितके पाणी परसात जाई. हे पाणी वाफ्यापर्यंत वळविण्याचे, राख टाकण्याचे आणि बी राखून ठेवण्याचे काम प्रामुख्याने स्त्रिया करीत. रोख पैसा हाती नसलेल्या गृहिणीच्या दृष्टीने परसातील चार मिरच्या व दोन टोमॅटो ही स्वतःच्या अधिकारातील मिळकत होती. शासकीय दप्तरात मात्र तिची नोंद सहसा होत नसे.

इचलकरंजी : परसापासून गच्चीपर्यंत :

पंचगंगेच्या काठी वसलेली इचलकरंजी ही घोरपडे घराण्याची जहागीर. येथे १८९३ मध्ये नगरपालिका स्थापन झाली. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला. स्वातंत्र्योत्तर काळात यंत्रमागांची संख्या झपाट्याने वाढली आणि 'महाराष्ट्राचे मँचेस्टर' असा शहराचा लौकिक झाला. येथील यंत्रमाग मोठ्या गिरणीपुरता मर्यादित न राहता घराघराशी जोडला गेला. घरालगतच्या मोकळ्या जागेत मागाची शेड उभी राहिली. परस हा कुटुंबाच्या भाजीचा आधार होता, तो आता उत्पन्नाचा आधार झाला. रोजगाराच्या दृष्टीने हा बदल उपकारक असला तरी बागेची जागा त्यात गेली, हे नोंदविणे आवश्यक आहे.

दुसरा बदल पाण्याचा. वस्त्रोद्योगासोबत सायझिंग व प्रोसेसिंगचे कारखाने वाढले आणि पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न गंभीर झाला. २०१२ च्या उन्हाळ्यात शहरात दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ पसरली. कृष्णेचे पाणी आणूनही शहराची गरज भागली नाही. वारणेवरील दानोळी आणि त्यानंतर दूधगंगेवरील सुळकूड येथून पाणी आणण्याच्या योजनांना नदीकाठच्या गावांनी विरोध केला. शेतीचे पाणी शहराला द्यावे काय, हा त्या गावांचा प्रश्नही तितकाच रास्त आहे. काही दिवसांच्या अंतराने नळाला पाणी येणाऱ्या घरात मिरचीचे रोप जगविणे हा निव्वळ छंद राहत नाही, त्यासाठी पाण्याचा हिशेब मांडावा लागतो.

तथापि परसबागेची परंपरा पूर्णतः संपलेली नाही. ती गच्चीवर, तेलाच्या डब्यांत आणि प्लॅस्टिकच्या बादल्यांत स्थलांतरित झाली आहे. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोचा किरकोळ दर किलोला १०० रुपयांच्या पुढे गेला, तेव्हा घरच्या लागवडीचे महत्त्व पुन्हा चर्चेत आले. केंद्र शासनाने २०१९ मध्ये शाळांतील पोषणबागांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या, हेही येथे उल्लेखनीय आहे.

निष्कर्ष :

१) मिरचीने मिरीला स्वस्त पर्याय दिल्यामुळे ती आहारात व आचारधर्मात लवकर सामावली. टोमॅटोला असा पर्याय होता न आल्याने त्याचा स्वीकार उशिरा झाला.
२) वसंतातील परसबाग ही घरगुती सांडपाण्याच्या पुनर्वापरावर उभी होती. मोरी बंदिस्त गटारीला जोडली गेली, तेव्हा या व्यवस्थेचा मूळ आधारच तुटला.
३) इचलकरंजीत परसबागेचा संकोच लोकांच्या अनास्थेमुळे झाला नसून जागा व पाणी यांच्या बदललेल्या वाटपामुळे झाला, असे म्हणता येते. मांडलेल्या गृहीतकाला यातून पुष्टी मिळते.
४) भाजी धुतलेले पाणी व कमी साबणाचे अंघोळीचे पाणी कुंड्यांकडे वळविणे आजही शक्य आहे. कारखान्यांचे रसायनयुक्त सांडपाणी मात्र खाद्यपिकांना कदापि वापरू नये.

शहराच्या पाणीप्रश्नाची चर्चा करताना योजना, धरणे आणि जलवाहिन्या यांचाच विचार होतो. मोरीतून गटारीत जाणाऱ्या पाण्याचा विचारही त्यात व्हावयास हवा. पूर्वीच्या पिढीतील स्त्रियांनी ते पाणी वाया जाऊ दिले नव्हते. त्यांच्या या व्यवहारज्ञानाची नोंद स्थानिक इतिहासाने घेणे अगत्याचे आहे.