पंगत उठेपर्यंत

1803 साली खेम सावंत गेले आणि सावंतवाडीची गादी वारसाविना राहिली. दोन वर्षं भाऊबंदकी चालली. अखेर 1805 साली त्यांच्या विधवा राणी लक्ष्मीबाईंनी एक मूल दत्तक घेतलं, रामचंद्र ऊर्फ भाऊसाहेब. तीनएक वर्षांत त्या मुलाचा बिछान्यातच गळा आवळला गेला. मी याच मुलखातला. हे आठवलं की मन थेट शनिवारवाड्यात जातं. तिथला नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा दिवस प्रहराप्रहराने डोळ्यांपुढे उभा राहतो.

30 ऑगस्ट 1773, सकाळ
गणपतीचे दिवस. नारायणराव अठरा वर्षांचे, पेशवाई मिळून जेमतेम नऊ महिने. काका रघुनाथराव त्याच वाड्यात नजरकैदेत. भाडोत्री शिपायांचा, म्हणजे गारद्यांचा पगार थकलाय, त्यांच्यात चलबिचल आहे, हे पेशव्यांच्या कानावर येतं. ते हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगतात.

भोजनाची वेळ
हरिपंत हो म्हणतात आणि आधी जेवायला जातात. ते फितूर नव्हते. जेवून करू, एवढंच. मला तलवारींपेक्षा या पंगतीचा राग जास्त येतो.

दुपारी एकच्या सुमारास
पेशवे वामकुक्षीला आडवे झालेत. सुमेरसिंगाचे गारदी वाड्यात घुसतात, आडवा येईल त्याला कापत सुटतात. एक गायही मारली जाते. नारायणराव काकांच्या दालनात धावतात आणि त्यांना मिठी मारतात. ‘काका, मला वाचवा’ ही हाक आपल्याकडे लहान पोरांनाही ठाऊक आहे. रघुनाथराव रदबदली करतात, सुमेरसिंग ऐकत नाही. मग काका ती मिठी सोडवून घेतात. अठरा वर्षांच्या पोराची, जिवाच्या आकांताने घातलेली मिठी! रघुनाथरावांचा नोकर तुळाजी पवार पेशव्यांचा पाय धरून खाली खेचतो. चापाजी टिळेकर हा सेवक हातात शस्त्र नसताना धन्याच्या अंगावर पडतो. दोघेही तलवारींखाली जातात.

रात्र
नदीकाठी घाईघाईने अग्नी दिला जातो.

न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली, रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. नारायणरावांच्या विधवा गंगाबाईंना 18 एप्रिल 1774 रोजी पुरंदरावर मुलगा झाला आणि गादी त्याच्याकडे गेली.

आमच्या सावंतवाडीत भाऊसाहेबांच्या जागी फोंड सावंतांना बसवलं. तेही अल्पवयीनच होते.