मोटार आणि फोन यांची सोयरीक

मुंबईच्या किंवा पुण्याच्या रस्त्यावर आज एखादा गृहस्थ मोटारींत बसतो, खिशांतला फोन खिशांतच राहूं देतो, आणि क्षणार्धांत समोरचा पडदा उजळून त्यावर त्याच फोनमधील नकाशा, गाणीं आणि आप्तेष्टांचीं नांवें दिसूं लागतात. दिव्याची कळ दाबावी इतकी ही गोष्ट आतां अंगवळणीं पडली आहे. परंतु जें सहज घडतें त्याच्या मागें बहुधा पुष्कळ दिवसांची खटपट असते. मोटार आणि फोन हीं दोन निराळ्या घराण्यांतलीं अपत्यें. त्यांची सोयरीक आजच्या रूपांत जुळण्यास ऐंशींहून अधिक वर्षें लागलीं. आणि या सर्व काळांत प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न पुनःपुन्हां उभा राहिला : मोटार हांकणाऱ्याच्या चित्तावर सत्ता कोणाची? या इतिहासाचा खरा गाभा हाच होय.

मोटारींत प्रथम शिरला तो फोन नव्हे, तर रेडिओ. अमेरिकेंत शिकागो येथें पॉल गॅल्विन यांनीं १९२८ सालीं एक लहानसा कारखाना काढला होता. पुढच्याच वर्षीं आलेल्या मंदीनें धंद्यास ओहोटी लागली असतां, मोटारींत बसवितां येईल असा रेडिओ तयार करण्याचें त्यांनीं मनावर घेतलें. काम दिसतें तितकें सोपें नव्हतें. इंजिनांत पेट्रोल पेटविण्यासाठीं ज्या विजेच्या ठिणग्या पडतात, त्या स्वतःच लहान लहान ध्वनिक्षेपण केंद्रांसारख्या वागतात, आणि त्यांच्या खरखरीपुढें गायकाचा आवाज ऐकूं येत नाहीं. ही खरखर आटोक्यांत आणल्यावर, १९३० च्या जूनमध्यें अटलांटिक सिटी येथें रेडिओ-उत्पादकांचें जें अधिवेशन भरलें, तेथें गॅल्विन यांनीं मोटारींतील आपला रेडिओ लोकांना ऐकविला. ‘मोटोरोला’ हें नांव त्याच सुमारास जन्मास आलें, आणि १९४७ सालीं सबंध कंपनीनेंच तें धारण केलें. जर्मनींत ब्लाउपुंक्ट कंपनीनें १९३२ सालीं मोटारीचा रेडिओ बाजारांत आणला.

या नव्या पाहुण्याचें स्वागत सर्वत्र सारखें झालें नाहीं. मॅसॅच्युसेट्स संस्थानांत आणि सेंट लुई शहरांत त्यावर बंदी घालावी अशा सूचना पुढें आल्या. विरोधकांचें म्हणणें दोन प्रकारचें होतें. केंद्र लावण्यासाठीं खुंटी फिरवितांना नजर रस्त्यावरून ढळते हें एक, आणि संगीतानें हांकणाऱ्यास गुंगी येईल हें दुसरें. रेडिओ कांहीं हद्दपार झाला नाहीं. परंतु त्या वादांत विचारलेला प्रश्न मात्र मेला नाहीं. तो दर पिढीला नवा वेष घेऊन परत आला.

दुसरी पायरी टेलिफोनची. १९४६ च्या जूनमध्यें, योगायोगानें त्याच सेंट लुई शहरांत, बेल कंपनीनें मोटारींतून टेलिफोन करण्याची सार्वजनिक सोय सुरू केली. त्या यंत्राचें वजन सुमारें ८० पौंड, म्हणजे जवळजवळ एक मणाचें होतें, आणि त्याचा मोठा भाग मोटारीच्या मागील पेटींत ठेवावा लागे. बोलतांना कळ दाबायची, ऐकतांना सोडायची. शिवाय प्रत्येक संभाषण मध्यस्थ ऑपरेटरनें जोडून द्यावयाचें. एका शहरांत एका वेळीं जेमतेम तीन संभाषणें चालूं शकत. तात्पर्य, हा टेलिफोन माणसाचा नसून मोटारीचा होता. ३ एप्रिल १९७३ रोजीं मोटोरोला कंपनीचे मार्टिन कूपर यांनीं न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभें राहून हातांतील फोनवरून पहिलें संभाषण केलें, आणि टेलिफोन मोटारींतून उतरून माणसाच्या हातीं येण्याचा मार्ग मोकळा झाला. भारतांत असें पहिलें संभाषण ३१ जुलै १९९५ रोजीं कलकत्त्याहून ज्योति बसू यांनीं दिल्लीस सुखराम यांच्याशीं केलें. आतां प्रश्न उलटा झाला. खिशांत गेलेला हा फोन मोटारींत पुन्हां कसा बसवावयाचा?

गाण्यांच्या बाबतींतहि अशीच अडचण होती. क्रायस्लर कंपनीनें १९५६ च्या नमुन्याच्या मोटारींत ध्वनिमुद्रिका वाजविण्याचें यंत्र बसविलें. तें फार दिवस टिकलें नाहीं. १९६३ सालीं फिलिप्स कंपनीनें काढलेली कॅसेट मात्र मोटारींत चांगलीच स्थिरावली. पुढें २००१ सालीं अॅपल कंपनीनें आयपॉड हा गाण्यांचा छोटा खजिना विकावयास काढला, तेव्हां मोटारींत त्याला जागाच नव्हती. मग लोकांनीं युक्ति काढली. पोटांत फीत नसलेली एक पोकळ कॅसेट यंत्रांत सरकवावयाची, आणि तिच्या तारेचें दुसरें टोंक आयपॉडला जोडावयाचें. कॅसेट-यंत्र बिचारें फीतच वाजत आहे असें समजून गाणें वाजवी. कोणी लहानसा प्रक्षेपक लावून मोटारीच्या रेडिओलाच फसवीत. पाहुणा मागील दारानें आंत येत होता, कारण पुढचें दार अजून बांधलेलेंच नव्हतें.

तें दार बांधण्याचें बरेंचसें श्रेय स्वीडनमधील एरिक्सन कंपनीकडे जातें. १९९४ सालीं तेथें डच अभियंते याप हार्टसेन यांनीं फोन आणि त्याचीं उपकरणें यांच्यामधील तारा नाहींशा करण्यासाठीं आंखूड पल्ल्याच्या बिनतारी पद्धतीवर काम सुरू केलें. १९९८ सालीं एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम आणि तोशिबा या पांच कंपन्यांनीं मिळून या पद्धतीचा संघ स्थापन केला. नांव ठेवलें ‘ब्लूटूथ’. दहाव्या शतकांतील डेन्मार्कचा राजा हाराल्ड याचें हें टोपणनांव असून, विखुरलेल्या लोकांना एका छत्राखालीं आणणारा म्हणून त्याची ख्याति आहे. आजहि फोनवर जें ब्लूटूथचें चिन्ह दिसतें तें त्या राजाच्या नांवाचीं दोन आद्याक्षरें प्राचीन लिपींत एकत्र गुंफून बनविलें आहे.

या पद्धतीची कामगिरी मोठी मौजेची आहे. तिच्या लहरी सेकंदाला सुमारें २४० कोटि आंदोलनें करतात. हा पट्टा बहुतेक देशांत परवान्यावांचून वापरतां येतो. भारतांतहि २००५ सालीं त्यांतील अल्पशक्तीचीं यंत्रें परवान्याच्या अटींतून मुक्त झालीं. पण मोकळें मैदान म्हटलें कीं गर्दी आलीच. त्या गर्दींत एकमेकांचें बोलणें बिघडूं नये म्हणून दोन्ही यंत्रें एका वाटेवर स्थिर न राहतां, ७९ वाटांवरून सेकंदाला १६०० वेळां, आधीं ठरलेल्या क्रमानें उड्या मारीत जातात. हा क्रम त्या दोघांनाच ठाऊक असतो. असल्या उड्यांची कल्पना पूर्वींहि सुचलेली होती. हेडी लामार ही चित्रपटनटी आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार यांनीं १९४२ सालीं पाणतीरास बिनतारी आज्ञा देण्यासाठीं अशाच स्वरूपाचें पेटंट मिळविलें होतें. ब्लूटूथ त्यापासूनच सरळ उतरलें असें म्हणतां येत नाहीं. पण एक विचार निरनिराळ्या काळीं निरनिराळ्या डोक्यांत कसा उगवतो याचें तें चांगलें उदाहरण आहे.

मोटार आणि फोन यांची पहिली ओळख करून देण्याचा विधि यांतूनच निघाला. आरंभीं चार आंकड्यांचा सांकेतिक शब्द द्यावा लागे, आणि तो पुष्कळदां चार शून्यें इतका भोळा असे. २००७ च्या सुधारणेपासून दोन्ही पडद्यांवर तोच सहा आंकडी क्रमांक दिसतो, आणि मालकानें दोन्ही ठिकाणीं होकार दिल्यावरच सोयरीक पक्की होते. एकदां ही गांठ पडली म्हणजे पुढच्या वेळीं दोघे एकमेकांस आपोआप ओळखतात. मात्र ओळख एक असली तरी करार अनेक असतात : संभाषणाचा निराळा, गाण्यांचा निराळा, पत्त्यांच्या वहीचा निराळा. म्हणूनच एखाद्या मोटारींत फोनवर बोलतां येतें, पण गाणें वाजत नाहीं. बिघाड नसून, त्या दोघांत तेवढा करार झालेला नसतो.

यापुढची अडचण वयाची होती. मोटार दहा-पंधरा वर्षें धांवते. फोन दोन-चार वर्षांत म्हातारा होतो. मोटारीच्या कारखान्यांत आज बसविलेला नकाशा गिऱ्हाइकाच्या दारीं येईपर्यंत शिळा होई. फोर्ड कंपनीनें मायक्रोसॉफ्टच्या साहाय्यानें २००७ सालीं आवाजानें हुकूम घेणारी ‘सिंक’ नांवाची योजना आणली, परंतु या वयाच्या अंतरावर तो पुरता तोडगा नव्हता. तोडगा निघाला तो असा कीं, मोटारीनें शहाणें होण्याचा हट्टच सोडावा. बुद्धि फोनची आणि पडदा मोटारीचा. २०११ सालीं स्थापन झालेल्या कंपन्यांच्या एका संघानें ‘मिररलिंक’ या नांवानें ही दिशा दाखविली. २०१४ च्या मार्चमध्यें अॅपलनें जिनीव्हा येथील प्रदर्शनांत ‘कारप्ले’ पुढें आणलें, आणि गूगलचें ‘अँड्रॉइड ऑटो’ २०१५ सालीं लोकांच्या हातीं आलें. या व्यवस्थेंत नकाशा शोधणें, वाट ठरविणें, गाणें निवडणें हें सर्व काम फोन करतो, आणि तयार झालेलें चित्र मोटारीच्या पडद्याकडे पाठवितो. पडद्यावर बोट टेंकलें म्हणजे त्या स्पर्शाची खबर फोनकडे परत जाते. प्रथम यासाठीं तार लागे. पुढें ओळखीपुरतें ब्लूटूथ आणि चित्राच्या वाहतुकीसाठीं वायफाय अशी वांटणी होऊन तारहि गेली.

सोयरीक म्हटली कीं मानापमान आलेच. घर मोटारीचें असलें तरी कारभार पाहुण्याच्या हातीं गेला, ही गोष्ट कांहीं कारखानदारांना रुचली नाहीं. जनरल मोटर्स कंपनीनें २०२३ सालीं जाहीर केलें कीं, आपल्या पुढील विजेच्या मोटारींत कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो यांना थारा देण्यांत येणार नाहीं. या भांडणांत सामान्य गृहस्थानें एक गोष्ट विसरूं नये. पाहुणा निघून गेला तरी त्याचें सामान कधीं कधीं मागें राहतें. फोनमधील पत्त्यांची वही आणि संभाषणांची यादी मोटारीच्या स्मरणांत उतरलेली असते. भाड्याची मोटार परत करतांना किंवा स्वतःची मोटार विकतांना ती पुसून टाकली नाहीं, तर घरच्या गोष्टी परक्याच्या हातीं पडतात.

परंतु सर्वांत मोलाची वस्तु निराळीच आहे, आणि ती म्हणजे हांकणाऱ्याचें अवधान. कर्णाच्या रथावर बसलेल्या शल्यानें आपल्या बोलण्यानेंच कर्णाचें तेज कसें खच्ची केलें, ही महाभारतांतील कथा श्रोत्यांच्या परिचयाची आहे. तेथें बोलणारा सारथि होता आणि ऐकणारा योद्धा. आतां सारथ्याच्याच कानाशीं शल्य येऊन बसला आहे. टोरॉंटो येथील रेडेलमायर आणि टिब्शिरानी या संशोधकांनीं १९९७ सालीं अपघातांत सांपडलेल्या ६९९ फोनधारकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फोनवर बोलत असतां अपघाताचा संभव सुमारें चौपट होतो असें त्यांना आढळलें. हात मोकळे ठेवून बोलण्याची सोय असली तरी धोका कमी झाल्याचें दिसलें नाहीं. यूटा विद्यापीठांतील डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००३ सालीं त्याचें कारण दाखविलें. संभाषणांत गुंतलेला माणूस रस्त्यावरील वस्तूकडे डोळे लावूनहि ती खरोखर पाहत नाहीं. डोळे उघडे, पण मन दुसऱ्या गांवीं.

अमेरिकेच्या वाहतूक-सुरक्षा खात्यानें २०१३ सालीं अशी शिफारस केली कीं, मोटारींतील यंत्राकडे एका वेळीं दोन सेकंदांहून अधिक पाहावें लागूं नये, आणि सबंध काम बारा सेकंदांच्या नजरेंत आटपावें. दोन सेकंद म्हणजे किती? ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार तेवढ्यांत ३३ मीटर पुढें जाते. एखाद्या शाळेच्या फाटकासमोर या ३३ मीटरांत काय घडूं शकतें हें कोणास समजावून सांगण्याची गरज नाहीं. भारतांत २०१९ च्या दुरुस्तीनें वाहन चालवितांना हातांतील संपर्क-साधन वापरणें हें धोकादायक वाहन चालविण्याच्या गुन्ह्यांत आलें. २०२० च्या नियमानें केवळ वाट पाहण्यासाठीं, आणि तेंहि लक्ष विचलित न होईल अशा रीतीनें, त्याचा वापर करण्यास मुभा दिली. कायदा हातांतील साधनाचें नांव घेतो. पण लक्ष विचलित करण्यास साधन हातांतच असावें लागतें असें नाहीं.

१९३० सालीं रेडिओवर बंदी मागणाऱ्यांना आज हंसणें सोपें आहे. त्यांचा उपाय चुकीचा होता, पण शंका खरी होती. तेव्हांपासून खुंटीची जागा पडद्यानें घेतली, पडद्यास वाचा फुटली, तारा गेल्या, ओळख आपोआप पटूं लागली. बदलली नाहीं ती एकच गोष्ट. मनुष्याचें मन एका वेळीं एकाच मार्गावर नीट चालतें. म्हणून जोडणी मोटार उभी असतांच करावी, जाण्याचें ठिकाण निघण्यापूर्वींच नकाशास सांगावें, गाणें आधींच निवडावें, आणि चाकें फिरूं लागलीं म्हणजे पडद्याशीं असलेलें नातें कानापुरतें ठेवावें. आणि हांकणाऱ्याचा फोन वाजत असेल तर शेजारीं बसलेल्या माणसानें तो घ्यावा; तोहि नसेल, तर पलीकडच्या माणसानें थोडा वेळ थांबण्यास काय हरकत आहे?