कामगाराचा रविवार

इसवी सन २०१६ च्या नोव्हेंबर महिन्यात पाचशे व हजार रुपयांच्या जुन्या नोटा चलनातून काढून घेण्यात आल्या आणि साऱ्या देशाचे डोळे नाशिकरोडकडे लागले. तेथील करन्सी नोट प्रेसमध्ये नव्या नोटा छापण्याचे काम अहोरात्र सुरू झाले. बँकांच्या दारात रांगा उभ्या होत्या. त्या रांगांतील माणसांसाठी छापखान्यातील माणसे रविवारीही यंत्रांजवळ उभी राहिली. संकटाच्या वेळी सुटीवर पाणी सोडणे हे कर्तव्यबुद्धीचेच लक्षण होय, यात शंका नाही. तथापि, जी वस्तू त्या कामगारांनी त्या दिवसांत देऊ केली, ती मुळात कामगारांच्या हाती आली कशी, हा इतिहास फारसा कोणाच्या स्मरणात नाही. सुशिक्षित कुटुंबात तर रविवारची सुटी पंचांगाइतकीच जुनी समजली जाते. वस्तुतः महाराष्ट्रातील मजुराच्या वाट्याला ती येऊन अद्याप दीडशे वर्षेही झालेली नाहीत.

अलीकडे नोकरदार माणसाच्या मानसिक आरोग्याविषयी पुष्कळ बोलले जाते. कारखान्यात व कचेरीत समुपदेशक नेमावेत, व्याख्याने ठेवावीत, खचलेल्या माणसाला वेळीच आधार द्यावा, अशा सूचना होतात, आणि त्या योग्यच आहेत. परंतु हा विचार परदेशातून नुकताच आला, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. मराठी मजुराने आपल्या मनाच्या स्वास्थ्यासाठी पहिले मागणे मागितले ते १८८४ साली, आणि ते वैद्याजवळ नव्हे, तर मालकाजवळ व सरकारजवळ. ते मागणे होते वेळेचे.

मुंबईत कापसाची पहिली गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापन केली व दोन वर्षांनी ती चालू झाली. पुढील तीस वर्षांत परळ, भायखळा या भागांत गिरण्यांची धुराडी उभी राहिली आणि कोकणातून व घाटावरून हजारो माणसे त्यांच्या सावलीत येऊन वसली. गावी असताना ही माणसे काही कमी कष्ट करीत नव्हती. नांगरणी, लावणी, कापणी यांत शरीर झिजतच होते. पण त्या कष्टांना ऋतूंची लय होती. पेरणीनंतर उसंत होती, पोळ्याला बैलाबरोबर माणसालाही विसावा होता, बाजारच्या दिवशी चार माणसांची गाठभेट होती. गिरणीत ही लय तुटली. सूर्य उगवला की भोंगा आणि सूर्य मावळला की सुटका, असा दिवसाचा हिशेब झाला. उन्हाळ्यात दिवस लांबला की कामही लांबे. सणावारी सुटी मिळे, परंतु आठवड्याची ठरलेली अशी सुटी नव्हती. आणि रविवारी गिरणी बंद राहिली तरी पुष्कळदा यंत्रे पुसण्यासाठी मजुरांना बोलावून घेत. मग दळणवळण, न्हाणेधुणे, आजाऱ्याची विचारपूस, गावाकडे पत्र लिहवून घेणे ही कामे करावयाची केव्हा? एका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा माणसे पाळीपाळीने राहत. त्यांना एकमेकांचे चेहरे दिव्याच्या उजेडातच काय ते दिसत.

१८८१ साली हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा झाला. त्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम दिवसाला नऊ तासांवर आणले, परंतु प्रौढ स्त्री-पुरुषांच्या वेळेला हातही लावला नाही. ही उणीव ज्याच्या मनाला लागली तो पुरुष म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजातील हा कार्यकर्ता मुंबईत मांडवी येथील एका गिरणीत भांडारपालाच्या जागेवर होता. गिरणीच्या आत काय चालते, हे त्याने ऐकून नव्हे, पाहून जाणले होते. पुढे ती नोकरी सोडून त्याने ‘दीनबंधु’ पत्राची धुरा १८८० पासून मुंबईत आपल्या खांद्यावर घेतली.

१८८४ साली मुंबई सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी एक मंडळ नेमले. ही संधी साधून लोखंडे यांनी त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात परळला सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार मजुरांच्या सह्यांचा एक अर्ज तयार केला. अर्जातील मागण्या वाचल्या म्हणजे त्यांच्या साधेपणाचे आश्चर्य वाटते. रविवारी पूर्ण सुटी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हाती पडावा. काम करताना कोणी जायबंदी झाला तर त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी. या पाच मागण्यांत पगारवाढीचे नावही नाही! यंत्राजवळ राबणाऱ्या त्या माणसांना सर्वांआधी हवी होती ती श्वास घेण्याची जागा आणि उद्याची निश्चिती. महिन्याचा पगार केव्हा मिळेल याची विवंचना, आणि हात तुटला तर मुलाबाळांचे काय होईल ही धास्ती, या दोन्ही गोष्टी मनाला पोखरणाऱ्या आहेत, हे त्यांना कोणत्याही ग्रंथावाचून ठाऊक होते.

अर्जाने तत्काळ काही साधले नाही. सहा वर्षे गेली. १८९० च्या एप्रिल महिन्यात मुंबईत सुमारे दहा हजार मजुरांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी उभे राहून भाषणे केली, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुरुषाला गिरणीतून परतल्यावर निदान अंग टाकता येई. स्त्रीचा दुसरा दिवस चुलीपाशी सुरू होई. तेव्हा सुटीची आवश्यकता तिच्याइतकी कोणाला पटणार? अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. पुढील वर्षीच्या कायद्याने आठवड्याची सुटी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांना सरकारी शिक्का मिळाला आणि स्त्रियांचे काम अकरा तासांवर आले. लोखंडे यांना या विजयानंतर फार दिवस लाभले नाहीत. मुंबईत प्लेगचा कहर चालू असता ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्या रोगानेच त्यांचा अंत झाला.

या एका दिवसाने मजुराच्या जीवनात काय फरक पडला? रविवार हा खंडोबाचा वार. मराठी माणसाला तो आधीच जिव्हाळ्याचा. त्या दिवशी चाळीत भजन होऊ लागले, आखाड्यात कुस्ती रंगू लागली, गाववाल्यांची बैठक बसून कोणाच्या लग्नाची, कोणाच्या कर्जाची वाटाघाट होऊ लागली. दुःख सांगावयास माणूस मिळणे आणि ते ऐकावयास त्याला सवड असणे, या दोन्ही गोष्टी रविवारने दिल्या. आज ज्याला समुपदेशन म्हणतात त्याचे घरगुती रूप त्या बैठकांत होते.

मिळविलेली वस्तू टिकवावी लागते, हाही धडा लवकरच मिळाला. गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि १९०५ च्या सुमारास कामाचा दिवस पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. सूर्यास्ताची जुनी मर्यादा दिव्याने पुसून टाकली. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषाचा दिवस बारा तासांवर आणला. १९२२ मध्ये तो अकरा तासांवर आला, १९३४ मध्ये दहावर आणि १९४६ मध्ये नऊवर. प्रत्येक तास कमी होण्यास सरासरी सुमारे एक तप लागले.

दरम्यान पाश्चात्य देशांतही हाच प्रश्न निराळ्या वाटेने पुढे आला. पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत माणसे रविवारची सुटी न घेता राबत होती. १९१५ साली तेथील सरकारने या कामगारांच्या आरोग्याची पाहणी करण्यास एक समिती नेमली. त्या समितीचे पहिले टिपण रविवारच्या कामाविषयीच होते, आणि सतत काम केल्याने उत्पादन वाढत नाही, उलट माणूस थकून ते घटते, असा तिचा अभिप्राय पडला. पुढे अमेरिकेत शिकागोजवळील हॉथॉर्न येथील कारखान्यात १९२४ पासून काही वर्षे प्रयोग चालले. तेथे वीस हजारांहून अधिक कामगारांशी एकेकट्याने बोलणी करण्यात आली. कामगाराला केवळ मोकळेपणाने बोलू दिले तरी त्याच्या मनावरचे ओझे हलके होते, हे संशोधकांच्या ध्यानात आले. परळच्या चाळीत जे अनुभवाने कळले होते, त्याला आता शास्त्राची साक्ष मिळाली.

याच काळात नाशिकचे नाव या कथेत येते. हिंदुस्थानची टपालाची तिकिटे तोवर लंडनच्या एका कंपनीकडून आणि नोटा बँक ऑफ इंग्लंडकडून छापून येत. १९२५ साली नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस सुरू झाला आणि १९२८ मध्ये त्याच्या शेजारी नोटांचा छापखाना उघडला. येथील कामाची जात गिरणीहून निराळी. येथे मनावर ताण येतो तो लक्ष ठेवण्याचा. ताव मोजावयाचा, रंग पाहावयाचा, क्रमांक तपासावयाचा, आणि चुकलेला एकही कागद नजरेतून निसटू द्यावयाचा नाही. हाताखालून संपत्तीचे ढीग जात असतात आणि त्यांतील एका कागदाचाही हिशेब द्यावा लागतो. अशा कामात शरीराआधी डोळा थकतो, आणि डोळ्यामागे मन. विश्रांतीचे मोल येथे घामावरून कळत नाही. ते चुकीवरून कळते.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाना कायदा झाला. पाच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती, आठवड्यात एक दिवस सुटी, आणि पाचशे वा अधिक कामगार असतील तेथे कल्याण अधिकाऱ्याची नेमणूक, असे त्याने ठरविले. अशा कामासाठी माणसे तयार करणारी संस्था मुंबईत टाटांच्या देणगीतून १९३६ सालीच निघाली होती. पुढे सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहतींनी नाशिकचे रूप पालटले, तेव्हा हाच कायदा तेथील नव्या कामगाराच्या पाठीशी होता. परंतु जिल्ह्यातच, सिन्नरला, घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रियांची स्थिती निराळी राहिली. मजुरी नगावर, विडी वळली तर पैसा, न वळली तर नाही. जिचे घर हाच कारखाना, तिच्या दारावर भोंगा वाजत नाही आणि म्हणून सुटीही वाजत नाही. आज संगणकापुढे घरूनच काम करणाऱ्या तरुण कारकुनाला तिची अडचण चांगली कळेल. त्याचा रविवार खिशातल्या दूरध्वनीने पोखरला आहे.

मनाच्या आरोग्यासाठी आज साधने पुष्कळ झाली आहेत. २०१७ साली मानसिक आरोग्याचा नवा कायदा झाला. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा चालू झाली. १४४१६ या क्रमांकावर कोणीही आपले दुःख सांगू शकतो. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. उदासीनता व चिंता यांमुळे जगात दरवर्षी बाराशे कोटी कामाचे दिवस वाया जातात, असा त्या संघटनेचा अंदाज आहे. पण याच वेळी, २०२५ च्या सप्टेंबरात, महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाच्या कामाची मर्यादा कामगाराच्या संमतीने नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. बारा हा आकडा १९११ च्या कायद्यातील आहे. संमती हा शब्द कागदावर शोभतो. परंतु ज्याला पुढच्या महिन्याच्या भाड्याची काळजी आहे, त्याची संमती कितपत मोकळी असते, हे सुपारीबागेतील साडेपाच हजार माणसांना विचारावयास हवे होते.

समुपदेशक जरूर नेमावा. परंतु बारा तास उभ्या राहिलेल्या माणसाला सल्ला देण्यापूर्वी बसावयास जागा द्यावी लागते. नाशिकरोडच्या माणसांनी २०१६ साली देशासाठी आपले रविवार दिले, ते त्यांच्याजवळ होते म्हणून. ज्याच्याजवळ तो दिवसच नाही, त्याने संकटकाळी द्यावयाचे तरी काय?