रांजणवाडी : मूग, बोर आणि मोहरी
#इतिहास #धागा

१/ दौंड–मनमाड लोहमार्गावर बेलापूर नावाचे स्थानक आहे. प्रत्यक्षात ते उभे आहे श्रीरामपूर शहरात. मूळ बेलापूर गाव तेथून काही किलोमीटरवर, प्रवरेच्या काठी. नावावर विसंबून उतरणारा नवखा प्रवासी येथे गोंधळतो. पापणीच्या सुजेबाबतही माणसांचे शतकानुशतके असेच होत आले आहे. नाव एकच, दुखणी मात्र निराळी.

२/ बेलापुरात काय किंवा अन्यत्र मराठी मुलखात काय, पापणीच्या कडेला आलेल्या दुखऱ्या फोडाला रांजणवाडी म्हणतात. तळहातावर बोट घासून त्याची ऊब देणे, सहाणेवर लवंग उगाळून लावणे हे घरोघरचे उपाय. फोड बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप बसतो आणि श्रेय उपायाला मिळते. खरा प्रश्न उपायाचा नसून ओळखीचा आहे. पापणीची कोणती सूज साधी आणि कोणती दृष्टी हिरावणारी?

३/ हा प्रश्न भारतीय वैद्यांनी फार पूर्वी विचारला होता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्यांचे ७६ विकार सांगितले आहेत. त्यांपैकी २१ केवळ पापण्यांचे, म्हणजे 'वर्त्मगत' आहेत. एवढ्याशा अवयवासाठी एवढी बारकाईची वर्गवारी का केली असावी, याचे उत्तर त्यातील तीन नावांत सापडते.

४/ पहिले नाव 'अंजननामिका'. तांबूस, मऊ, आग होणारी पुटकुळी; वाग्भटाने तिचे माप मुगाएवढे दिले आहे. हीच आपली रांजणवाडी. हिंदीतील 'अंजनहारी' या शब्दात जुन्या नावाची खूण आजही दिसते. दुसरे 'लगण'. ही कठीण, न दुखणारी, बोराएवढी गाठ. तिसरे 'पोथकी'. यात तांबड्या मोहरीसारखे दाणे उठतात, खाज सुटते आणि पाणी गळते.

५/ मूग, बोर, मोहरी. शेतात आणि स्वयंपाकघरात रोज हाताळली जाणारी ही मापे कोणाही शिष्याच्या सहज लक्षात राहत. माप बदलले की उपचारही बदले. अंजननामिका आणि लगण यांची गणना 'भेद्य', म्हणजे चिरा देण्याजोग्या विकारांत होते. पोथकीची 'लेख्य', म्हणजे खरवडण्याजोग्या विकारांत. मोहरीला मूग समजणे त्या काळीही महागात पडणारे होते.

६/ अंजननामिकेवर सुश्रुताचा क्रम असा : आधी शेक, मग फोड फुटल्यावर निचरा, त्यानंतर मध, सैंधव, वेलची, तगर आणि मनःशिला यांचा लेप. यातील मनःशिला हे आर्सेनिकयुक्त खनिज आहे. त्यामुळे हा लेप इतिहास म्हणून वाचावा, डोळ्याला लावण्यासाठी नव्हे. शेकाची पहिली पायरी मात्र आजही कायम आहे.

७/ रोममध्येही हेच आढळते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील लेखक सेल्सस याने पापणीवरील या फोडाचे ग्रीक नाव नोंदवले, ते जवाच्या दाण्यावरून पडलेले. उपाय सांगितला गरम पावाचा किंवा ऊन केलेल्या मेणाचा शेक, आणि तो फार कढत नसावा अशी सूचनाही दिली. भारतात मूग, युरोपात जव. धान्य वेगळे, पण दोन्हीकडे ऊब सारखीच.

८/ ऊब का उपयोगी पडते, हे कळण्यास पापणीची रचना समजावी लागली. १६६६ साली जर्मन वैद्य हाइनरिक मायबोम याने पापणीतील तैलग्रंथींचे सविस्तर वर्णन केले. या ग्रंथींचे तोंड बुजले की स्राव साचतो. जंतूंची लागण झाली तर दुखरी रांजणवाडी होते. केवळ स्राव साचून राहिला तर न दुखणारी गाठ बनते. उबेने घट्ट झालेला स्राव पातळ होतो आणि वाट मोकळी होण्यास मदत होते.

९/ ग्रंथांत रोगांची नावे असतात, रुग्ण नसतात. नेत्ररुग्णांच्या नोंदींचा एक दुर्मीळ ठेवा मराठी राजघराण्याने जपला, आणि त्या घराण्याचा धागा नगरशी जुळतो. मालोजी भोसल्यांनी आपल्या पुत्रांची नावे नगरच्या शाह शरीफ या पीरावरून शहाजी आणि शरीफजी अशी ठेवली, अशी परंपरा आहे. शरीफजी १६२४ मध्ये नगरजवळील भातवडीच्या लढाईत पडले.

१०/ शहाजीपुत्र व्यंकोजींनी तंजावरला राज्य स्थापिले. त्यांच्या वंशात शरीफजींचे नाव शरफोजी, सरफोजी या रूपांत पुन्हा आले. सरफोजी दुसरे १७९८ मध्ये गादीवर आले. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीच्या हाती गेला आणि राजाचे लक्ष विद्येकडे वळले. त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले आणि धन्वंतरी महाल या संस्थेत औषधांचे प्रयोग चालवले.

११/ सरस्वती महालात १८२७ च्या सुमाराची नेत्ररुग्णांची टिपणे आजही आहेत. त्यांत चाळीसहून अधिक रुग्णांच्या नोंदी असून सोबत डोळ्यांची रंगीत चित्रे आहेत. बहुतेक नोंदी मोतीबिंदूच्या. इंग्रज डॉक्टर मॅकबीन यांचा या कामाशी संबंध होता. 'शरभेंद्र वैद्य मुरैगळ' या तमिळ वैद्यकग्रंथमालेत नेत्ररोगांचा स्वतंत्र भाग आहे. आधी डोळा नीट पाहावा, मग लिहून ठेवावा, ही शिस्त येथे दिसते.

१२/ अशा शिस्तीची सर्वाधिक गरज मोहरीसारख्या दाण्यांच्या विकाराला होती. मराठीत त्याला खुपरी म्हणतात. पोथकीचे वर्णन याच्याशी सर्वाधिक जुळते. ही लागण हातांवरून, कपड्यांवरून, माश्यांमुळे पसरते. वारंवार लागण झाल्यास पापणीच्या आत व्रण पडतात, कड आत वळते आणि पापणीचे केस बुबुळावर घासू लागतात. दृष्टी एकाएकी जात नाही. उघडझाप करता करता ती झिजत जाते.

१३/ स्वतंत्र भारताने १९६३ मध्ये राष्ट्रीय खुपरी नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. १९७१ मध्ये देशातील अंधत्वापैकी सुमारे ५ टक्के अंधत्व खुपरीमुळे असल्याचे सरकारी आकडे सांगतात. १९७६ मध्ये हे काम अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात खुपरी ही सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नसल्याचे मान्य केले.

१४/ हे यश केवळ मलमांचे आणि गोळ्यांचे नाही. या रोगाविरुद्धच्या जागतिक धोरणाचे चार भाग आहेत : शस्त्रक्रिया, प्रतिजैविके, चेहऱ्याची स्वच्छता आणि परिसराची सुधारणा. यांतील शेवटचे दोन पाण्यावाचून अशक्य. १९२६ मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झाल्यावर प्रवरेच्या कालव्यांनी उसाचे मळे भिजवले, हा इतिहास सर्वांना ठाऊक असतो. पाण्याचा मुलांच्या चेहऱ्याशी आणि दृष्टीशी असलेला संबंध मात्र क्वचितच सांगितला जातो.

१५/ आजचा सल्ला साधा आहे. स्वच्छ कापड कोमट पाण्यात भिजवून दिवसातून तीन-चार वेळा, दहा मिनिटे शेक द्यावा. फोड दाबू नये. काजळ आणि लवंगेसारखे तिखट लेप टाळावेत. नजर अंधूक होणे, डोळा हलवताना वेदना, ताप, सूज गालाकडे पसरणे यांपैकी काही दिसल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. दोन आठवड्यांत न बसणारी किंवा त्याच जागी पुन्हा येणारी गाठही दाखवून घ्यावी.

१६/ शेक दोन हजार वर्षे टिकला, कारण तो बहुतेक वेळा पुरला. जेथे तो पुरला नाही, तेथे मूग आणि मोहरी यांतील फरक ओळखणाऱ्या नजरेनेच दृष्टी वाचवली. प्रत्येक सुजेला रांजणवाडी म्हणून सोडून देणारा माणूस बेलापूरची पाटी पाहून श्रीरामपुरात उतरतो. फरक एवढाच की त्या प्रवाशाला परतीची गाडी मिळते. व्रण पडून गेलेल्या बुबुळाला ती बहुधा मिळत नाही.