सुकाणू

सुकाणू (नपुंसकलिंगी नाम) : होडी किंवा जहाज वळवण्यासाठी मागच्या टोकाला पाण्यात सोडलेली उभी फळी. मूळ शब्द अरबी ‘सुक्कान’. व्यापाराच्या गलबतांबरोबर तो अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवर रुजला. गुजरातीत ‘सुकान’ झाला आणि ते धरणारा ‘सुकानी’. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिलीत ‘उसुकानी’ म्हणजे मोटारीचं स्टिअरिंगसुद्धा. मराठीतला ‘नाखवा’ही असाच बाहेरून, फारसी ‘नाखुदा’वरून आला, नावेचा धनी या अर्थाने.

संस्कृतात हे काम ‘कर्ण’ या शब्दाकडे होतं. कर्ण म्हणजे सुकाणू, ते धरणारा तो कर्णधार. क्रिकेट संघाचा कर्णधार म्हणताना कान आठवतो, क्वचित महाभारतातला कर्णही. खरं नातं मात्र होडीशी आहे.

सुकाणू एकटं काहीच करू शकत नाही. होडी पुढे जाते तेव्हा फळीवरून पाणी वाहतं. फळी तिरकी केली की पाण्याचा दाब एका बाजूला वाढतो, होडीची मागची बाजू ढकलली जाते आणि तोंड वळतं. होडी नुसती प्रवाहाबरोबर वाहत असेल तर फळीजवळचं पाणीही तिच्याच वेगाने चाललेलं असतं, म्हणून सुकाणू फिरवून उपयोग होत नाही. होडी सुकाणूचं ऐकू लागते त्या किमान वेगाला स्वीडिश खलाशी ‘स्टीरफार्ट’ म्हणतात : ‘स्टीर’ म्हणजे दिशा देणं, ‘फार्ट’ म्हणजे वेग. यातला ‘फार्ट’ स्वीडिशमध्ये उत्तर जर्मनीच्या बोलींतून आला.

बैलगाडीला ही अट नाही. बीडजवळच्या पालीत उभ्या गाडीचा कासरा ओढला तरी बैल मान वळवतो, पाय उचलतो आणि गाडीचं तोंड फिरतं. पालीला बिंदुसरेचं धरण आहे, ही नदी सिंदफणेला आणि सिंदफणा गोदावरीला मिळते; समुद्र मात्र दूर पश्चिमेला.

तरीही ‘सुकाणू’ हा दर्यावर्दी शब्द मराठवाड्याच्या शिवारात पोचला, तो राजकारणातून. 1 जून 2017 रोजी राज्यात शेतकरी संप सुरू झाला. सरकारशी झालेली सुरुवातीची तडजोड अनेक शेतकरी संघटनांना मान्य झाली नाही आणि त्यांनी मिळून ‘सुकाणू समिती’ नेमली. मंत्रिगटाशी तिने बोलणी केली. 24 जूनला सरकारने 34 हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली, दीड लाखाच्या मर्यादेसह. समितीने सरसकट कर्जमाफीची मागणी सोडली नाही.