संचलनाच्या दिवशी घरी राहिलेली माणसे

हिटलरच्या १९३८च्या इटली-भेटीचा इतिहास बहुधा मिरवणुका आणि राजकीय खलबते यांच्या अंगाने सांगितला जातो. एत्तोरे स्कोला यांचा ‘उना जोर्नाता पार्तिकोलारे’ (१९७७) हा चित्रपट त्याच भेटीतील ६ मे हा दिवस निवडतो. परंतु आरंभीचा वृत्तपट संपला की संचलन दिसत नाही, केवळ ऐकू येते. रोममधील एका प्रचंड वसाहतीतली बिऱ्हाडे रिकामी होतात. मागे उरतात सहा मुलांची आई अंतोनिएत्ता (सोफिया लॉरेन), नभोवाणीतून बडतर्फ झालेला निवेदक गाब्रिएले (मार्चेल्लो मास्त्रोयानी) आणि इमारतीची रखवालदारीण. तिच्या रेडिओचा आवाज चौकभर घुमत राहतो.

जे घरी राहिले ते सत्तेच्या कक्षेबाहेर राहिले, असे मात्र नव्हे. फॅसिस्ट राजवटीला माणसांच्या खाजगी आयुष्याचा हिशेब हवा होता. १९२७ पासून अविवाहित पुरुषांवर कर होता; मोठ्या कुटुंबांना बक्षिसे होती. अंतोनिएत्ताच्या नवऱ्याला सातवे मूल हवे आहे ते याच हिशेबाने. गाब्रिएले समलैंगिक आहे. १९३०च्या दंडसंहितेत त्यासाठी कलम नव्हते. असे पुरुष इटलीत असतात हेच राजवटीला मान्य नव्हते. शिक्षा मात्र होती: खटल्याविना, पोलिसी आदेशाने स्थानबद्धता. १९३९ मध्ये कातानियातील अशा पुरुषांची रवानगी सान दोमिनो बेटावर झाली. चित्रपटातील गाब्रिएलेच्या वाट्याला सार्डिनिया येते.

आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते ती अंतोनिएत्ताची वही. मुसोलिनीची छायाचित्रे तिने तीत भक्तिभावाने चिकटवली आहेत. प्रतिभा ही केवळ पुरुषाची, हे वचनही तीत आहे आणि ते तिला मान्य आहे. गच्चीवर गाब्रिएलेचे सत्य कळताच ती त्याच्या थोबाडीत मारते. जी सत्ता तिला तुच्छ लेखते, तिचाच न्याय ती दुसऱ्यावर चालवते. जुलूम आणि संमती यांची ही सरमिसळ कायद्यांच्या यादीत सापडत नाही.

पुढे दोघे परस्परांना जवळचे होतात. पण बाहेरचे काहीच बदलत नाही. रात्री गाब्रिएलेने दिलेले ‘तीन शिलेदार’ ती अडखळत वाचते, खिडकीतून त्याला नेले जाताना पाहते आणि दिवा मालवून नवऱ्याच्या बिछान्याकडे वळते. संचलनाची चित्रफीत अभिलेखागारात जपली गेली. अशा स्त्रीच्या मनात त्या दिवशी काय हलले, याची नोंद कोणी ठेवली नसती. इतिहासाच्या अभ्यासकाला कथेकडे वळावे लागते ते येथे.