आतड्यांचा दाह आणि रक्तक्षय : केवळ लोहाची गोळी का पुरत नाही?

चोर्ला घाटापलीकडचा बेळगाव-निपाणी पट्टा गोमंतकीयांना परका नाही. तेथील भाजी आपल्या बाजारात येते आणि उपचारांसाठी बेळगाव गाठणारी कुटुंबेही गोव्यात पुष्कळ आहेत. रक्तक्षय ही या दोन्ही प्रदेशांची समान व्यथा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार १५ ते ४९ वयोगटातील रक्तक्षयग्रस्त स्त्रियांचे प्रमाण कर्नाटकात सुमारे ४८ टक्के, तर गोव्यात ३९ टक्के होते. दुखणे इतके सार्वत्रिक असले, की त्याचे कारण शोधण्याची गरज कोणाला वाटत नाही. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या किंवा विड्या वळणाऱ्या स्त्रीचा थकवा कामाचा मानला जातो, शौचावाटे पडणारे रक्त मूळव्याधीचे ठरते आणि लोहाच्या गोळ्या सुरू होतात. बहुतेकांना त्यांचा गुण येतोही. परंतु ज्यांच्या आतड्यांना दीर्घकालीन दाह आहे, त्यांचे रक्त या गोळ्यांनी सहसा भरून येत नाही.

विकाराचे दोन प्रकार

आतड्यांच्या दाहक विकाराचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या अस्तरावर व्रण पडतात व रक्तमिश्रित जुलाब होतात. क्रोन्स विकार पचनमार्गात कोठेही उद्भवू शकतो. मात्र लहान आतड्याचा शेवटचा भाग त्याला अधिक बळी पडतो. न्यूयॉर्कमधील डॉ. बरिल क्रोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. आपल्याकडे आतड्याचा क्षयही याच भागात होतो आणि त्याची लक्षणे क्रोन्ससारखीच असतात. त्यामुळे दुर्बिणीने तपासणी करून तुकडा तपासल्याविना निदान पक्के करणे अवघड असते.

रक्त का कमी होते?

पहिले कारण रक्तस्राव. निरोगी माणसाचे आतडे अन्नातून दिवसाला जेमतेम एक ते दोन मिलिग्रॅम लोह शोषते. रोज दोन चहाचे चमचे, म्हणजे दहा मिलिलिटर रक्त गेले, तर सुमारे पाच मिलिग्रॅम लोह बाहेर पडते. ही तूट केवळ आहाराने भरून निघणे कठीण असते.

दुसरे कारण दाह. शरीरात दाह असला की यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक अधिक प्रमाणात स्रवते. ते आतड्यातून लोह शोषले जाण्यास अडथळा आणते आणि साठ्यातील लोहही अडवून धरते. घरात धान्य आहे, पण कोठाराला कुलूप आहे, अशी ही अवस्था. म्हणूनच दाह आटोक्यात आणणे हाच रक्तक्षयावरील उपचाराचा पाया ठरतो.

इतर उणिवा

ब-१२ जीवनसत्त्व लहान आतड्याच्या शेवटच्या भागातच शोषले जाते. तो भाग रोगग्रस्त असेल किंवा शस्त्रक्रियेत वीस सेंटिमीटरहून अधिक काढला असेल, तर ब-१२ची उणीव संभवते. मोठा भाग काढलेल्यांना बहुधा आयुष्यभर इंजेक्शने घ्यावी लागतात. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसते. त्यामुळे सीमाभागातील शाकाहारी रुग्णांना दुहेरी धोका असतो. हातापायांना मुंग्या येणे, जीभ लाल व गुळगुळीत होणे, विस्मरण ही त्याची चिन्हे होत.

सल्फासॅलाझिन आणि मेथोट्रेक्सेट या औषधांमुळे फॉलिक आम्लाची उणीव होऊ शकते. दीर्घकाळच्या जुलाबांतून जस्त जाते. ड जीवनसत्त्व व कॅल्शियम कमी पडले आणि त्यात स्टिरॉइडचा उपचार लांबला, तर हाडे ठिसूळ होतात.

तपासणी कोणती?

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार पुरुषांत १३, स्त्रियांत १२ आणि गर्भवतींत ११ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय. परंतु एवढ्याने कारण कळत नाही. लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन दाह असताना फसवे वाढते. दाह नसताना ते ३०च्या खाली असणे ही लोहाची उणीव समजतात. दाह असताना मात्र १००पर्यंतचा आकडाही उणीव दर्शवू शकतो. म्हणून ट्रान्सफेरिनची संपृक्तता आणि दाह मोजणारी सीआरपी चाचणी सोबत करावी लागते. युरोपीय तज्ज्ञांच्या मार्गदर्शनानुसार रोग शांत असताना सहा ते बारा महिन्यांनी आणि सक्रिय असताना तीन महिन्यांनी रक्त तपासावे.

गोळी की शिरेतून लोह?

रक्तक्षय सौम्य आणि रोग शांत असेल, तर गोळी चालते. मात्र दिवसाला १०० मिलिग्रॅमहून अधिक लोह देऊन लाभ वाढत नाही, पोटाचा त्रास मात्र वाढतो. हिमोग्लोबिन दहाच्या खाली असेल, रोग सक्रिय असेल किंवा गोळी सोसत नसेल, तर शिरेतून लोह देणे श्रेयस्कर. ते रुग्णालयातच, देखरेखीखाली घ्यावे. ही उपचारपद्धती सीमाभागाला नवी नाही. १९६३ साली स्थापन झालेल्या बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या सहभागाने कर्नाटक व राजस्थानातील रक्तक्षयग्रस्त गर्भवतींवर ‘रॅपिडआयर्न’ ही चाचणी झाली. तीत शिरेतून दिलेल्या लोहाच्या एकाच मात्रेची गोळ्यांशी तुलना करण्यात आली. आतड्याच्या रुग्णांचा प्रश्न वेगळा असला, तरी ही सोय आपल्या आवाक्यात आहे, हे त्यातून दिसते.

आहार आणि पथ्य

भाकरी व उसळीवर लिंबू पिळावे. चहा जेवणानंतर तासाभराने घ्यावा. मोड आणल्याने कडधान्यांतील लोह शोषण्यास सोपे होते. मासे खाणाऱ्यांना बांगडा व तारले यांतून ब-१२ आणि ड जीवनसत्त्व मिळते. क्रोन्समुळे आतडे अरुंद झालेल्यांनी मात्र चोथट भाज्या, साली आणि मोडाची कडधान्ये वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावीत. धूम्रपानाने क्रोन्स विकार बळावतो. विडी सोडणे हाही उपचाराचाच भाग आहे.

लोहाच्या गोळ्यांनी शौचाचा रंग काळसर होतो, त्याने घाबरू नये. परंतु डांबरासारखा चिकट, दुर्गंधीयुक्त मल किंवा लाल रक्त दिसल्यास विलंब करू नये. चार आठवड्यांहून अधिक काळ जुलाब, वजनात घट आणि गोळ्या घेऊनही न वाढणारे हिमोग्लोबिन अशी चिन्हे दिसली, तर गोळीचे नाव बदलून घेण्यापेक्षा पोटविकारतज्ज्ञांना भेटून रक्त का कमी होत आहे, हे विचारावे.